रसद कुठून आली? : परदेशी एमबीएच्या निवडीचा एक छोटा इतिहास



स्मरणिका समितीने मला सांगितले, "तू इतिहासावर काहीतरी लिही." कारण काय, तर सहामाहीत मला एकदा इतिहासात सर्वांत जास्त गुण मिळाले होते! चाळीस वर्षांनंतरही हे कोणाच्या तरी लक्षात आहे याचा आनंद झाला. विषय मात्र सुचत नव्हता. तो अचानक चालून आला. आपल्याच तुकडीतला, कुपवाड एमआयडीसीत कारखाना चालवणारा आपला मित्र एका संध्याकाळी पुण्याला माझ्या घरी आला. बरोबर मुलगी होती. वय सव्वीस, इंजिनिअर, चार वर्षांची नोकरी. तिच्या हातात दोन पत्रे होती. एक अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएच्या प्रवेशाचे, दुसरे युरोपातल्या एक वर्षाच्या.

मित्र म्हणाला, "कुठलं घ्यावं, तू सांग. तू गेला नव्हतास, म्हणून तुलाच विचारतोय. जे गेले ते सगळे 'जा' म्हणतात."

त्या दोन पत्रांकडे बघताना मला आपल्या इतिहासाच्या बाई आठवल्या. पानिपत शिकवताना त्यांनी फळ्यावर तलवारी आणि तोफा काढल्या नव्हत्या. त्यांनी दिल्ली, कुंजपुरा, पानिपत असा नकाशा काढून धान्याच्या वाटा खडूने दाखवल्या होत्या. १७६० च्या नोव्हेंबरपासून सैन्य पानिपतावर अडकून पडले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलीसुरली रसदही तुटली. १४ जानेवारी १७६१ ला जे लढले ते उपाशी पोटी लढले. बाई म्हणायच्या, "कोण शूर होतं हे सगळेच लिहितात. रसद कुठून आली, ते लिहा. मी गुण त्याला देईन."

परदेशी शिक्षणाची मोहीमही तशीच असते. म्हणून हा लेख बाईंच्या पद्धतीने लिहिला आहे. कोणते विद्यापीठ मोठे, यापेक्षा जाणाऱ्याची रसद कुठून आली, याचा हा इतिहास आहे.

पेढीवरून वर्गात

व्यापार शाळेत शिकता येतो ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. पॅरिसमध्ये १८१९ मध्ये व्यापाराची एक शाळा निघाली होती. पण विद्यापीठाच्या आत या विषयाला जागा मिळाली ती अमेरिकेत, १८८१ मध्ये. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि फिलाडेल्फियात व्हार्टन स्कूल सुरू झाले.

या गावाचे नाव आपल्याला दुसऱ्या कारणाने माहीत आहे. व्हार्टन सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी याच फिलाडेल्फियाला पोहोचल्या. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याचे केशव मल्हार भट बॉस्टनला एमआयटीत दाखल झाले होते. त्या संस्थेत शिकायला गेलेले ते पहिले भारतीय. म्हणजे आपली माणसे त्या काळातही समुद्र ओलांडत होती. पण ती वैद्यकी शिकायला जात, यंत्रे शिकायला जात, विलायतेला बॅरिस्टर व्हायला जात. व्यापार शिकायला कोणी जात नव्हते. व्यापार पेढीवर शिकायचा असतो, गादीवर बसून, रोजमेळ लिहून, हीच सर्वांची समजूत होती. अमेरिकेतही बहुतेकांची तीच होती.

१९०० मध्ये डार्टमथ येथे टक स्कूल निघाले, पदवीनंतर व्यवस्थापन शिकवणारी पहिली संस्था. १९०८ मध्ये हार्वर्डने आपले बिझनेस स्कूल काढले आणि एमबीए ही पदवी दिली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढे १९२० च्या दशकात तिथे केस पद्धत रुजली. व्याख्यान ऐकण्याऐवजी एखाद्या खऱ्या कंपनीपुढचा खरा पेच वाचायचा आणि वर्गात आपला निर्णय मांडून तो लढवायचा. ही कल्पना कायद्याच्या शिक्षणातून उचललेली होती. आज जगभर जे चालते त्याचा सांगाडा या वीस-पंचवीस वर्षांत तयार झाला.

आपल्याकडे १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्य हा विषय पदवीला आला. मात्र त्याआधीच, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी उभारला होता. तो दानधर्म नव्हता. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून या, कमवा आणि परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला देता येईल. या निधीचा लाभ मिळालेल्या पहिल्या दोघीही स्त्री डॉक्टर होत्या आणि त्यांतल्या एक कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरचे गाव! हा निधी आजही चालू आहे.

आणि आपल्या अगदी उशाशी किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये माळरानावर वसलेल्या त्या कारखान्यातून शंतनुराव किर्लोस्कर १९२२ मध्ये अमेरिकेला एमआयटीत गेले, १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परत वाडीलाच आले. सहलीला आपण तिथे गेलो होतो तेव्हा गुरुजींनी हे सांगितले होते, पण आपले लक्ष डब्याकडे होते. आता बाईंचा प्रश्न इथे लावून पाहा. रसद कुठून आली? घरच्या कारखान्यातून. काय शिकायचे हे कशावरून ठरले? त्या कारखान्याला कशाची गरज आहे यावरून. आणि परत यायचे की नाही हा प्रश्नच नव्हता, कारण पैसा जिथून गेला तिथेच माणूसही परतणार होता. हा धागा लक्षात ठेवा. पुढे तो तुटणार आहे.

डॉलरचे रेशन

स्वातंत्र्यानंतर पहिल्या दशकातच देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली. १९५७-५८ च्या संकटानंतर डॉलर हा रेशनवरचा माल झाला. परदेशी शिकायला जायचे तर प्रवेश आणि पैसे एवढे पुरेसे नव्हते. तेच पैसे डॉलरमध्ये बदलून मिळण्याची परवानगी हवी. ती देताना कोणता विषय देशाच्या उपयोगाचा, हे सरकार बघे. घरात रुपये असले तरी मोहीम चलनाच्या नाक्यावर अडत असे.

त्याच वर्षांत तिकडे व्यवस्थापनशाळा बदलत होत्या. १९५४ मध्ये प्रवेशासाठी सामाईक परीक्षा सुरू झाली. तिचेच पुढे जीमॅट झाले. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांनी स्वतंत्रपणे अहवाल काढले. दोन्हींचा सूर एकच होता, अमेरिकेतले बरेचसे व्यापारशिक्षण उथळ आहे. त्यानंतर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्राची माणसे या शाळांत आली, संशोधन आले, गणित आले.

युरोपने वेगळी वाट धरली. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये इन्सिआडची स्थापना झाली. तिच्या मागे जॉर्जेस दोरिओ हे हार्वर्डचेच प्राध्यापक होते, पण अभ्यासक्रम मात्र एका वर्षाचा ठेवला गेला. १९५९ मध्ये फाँतेनब्लोला पहिली तुकडी बसली. युद्धातून उठणाऱ्या युरोपात कामाची माणसे दोन वर्षे बाहेर ठेवणे परवडणारे नव्हते. ब्रिटनमध्ये १९६३ च्या फ्रँक्स अहवालानंतर लंडन आणि मँचेस्टरला व्यवस्थापनशाळा निघाल्या. आज मित्राच्या मुलीच्या हातात जी दोन पत्रे आहेत, एक वर्षाचे आणि दोन वर्षांचे, त्यांच्यातला फरक इतका जुना आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तरुणाला घडवायला निघाला, तर एक वर्षाचा आधीच काम करत असलेल्याला धार लावायला.

भारताने तिसराच मार्ग निवडला. माणसे तिकडे पाठवायला डॉलर नाहीत, तर शाळाच इकडे आणू. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद येथे आयआयएम सुरू झाल्या. कलकत्त्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलचे साहाय्य, अहमदाबादला हार्वर्डचे, आणि दोन्हींना फोर्ड प्रतिष्ठानचा पैसा. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. आपल्यातले जे दोघे-तिघे पुढे 'बजाज'ला गेले, त्यांनी एका अर्थाने परदेशी शिक्षण चर्चगेटला लोकलने जाऊन घेतले.

तरीही काही जण जात होतेच. राहुल बजाज यांनी १९६४ मध्ये हार्वर्डची एमबीए घेतली आणि परत येऊन आकुर्डीच्या कारखान्याची धुरा सांभाळली. शंतनुरावांसारखेच, पाठीशी घरचा उद्योग आणि परतीची वाट ठरलेली. नोकरदाराच्या मुलासाठी मात्र शिष्यवृत्ती मिळाली तरच दार उघडे होते.

या काळातली एक तारीख फार बोलकी आहे. ६ जून १९६६. त्या दिवशी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांना झाला. कल्पना करा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष संपवून एखादा विद्यार्थी जूनमध्ये घरी पत्र लिहितो आहे. फी वाढलेली नाही, खोलीभाडे वाढलेले नाही, पण वडिलांचा खर्च एका रात्रीत दीडपटीहून जास्त झाला. दोन वर्षांची मोहीम ही दोन वर्षांच्या हुंडणावळीवरचीही पैज असते, हा धडा त्या जूनने शिकवला. तो आजही जुना झालेला नाही.

माझी गोष्ट

इथे इतिहास माझ्या दारापर्यंत येतो. हा भाग लिहावा की नाही, असा विचार मी बरेच दिवस केला.

१९९१ मध्ये मी इंजिनिअर होऊन भोसरीत नोकरीला लागलो. त्याच जुलैमध्ये रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले आणि देशाची दारे उघडू लागली. चार वर्षांनी मला वाटू लागले की यंत्रे कळली, पण कंपनी कशी चालते ते कळत नाही. एमबीए करायचे, आणि करायचे तर अमेरिकेत. रविवारी पहाटेच्या गाडीने मुंबई गाठायची सोय नव्हती, कारण ग्रंथालय बंद असे. म्हणून रजा काढून न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरला जायचे. तिथल्या जाडजूड मार्गदर्शिकांतून वहीत पत्ते उतरवून घ्यायचे आणि एअरमेलने माहितीपत्रके मागवायची. ती दीड-दोन महिन्यांनी येत. जीमॅट तेव्हा कागदावर, शिसपेन्सिलीने गोल काळे करून द्यायची असे. 'बिझनेसवीक'ची क्रमवारी १९८८ पासून निघत होती. तिची झेरॉक्सची झेरॉक्स माझ्यापर्यंत पोहोचली होती, अक्षरे पुसट झालेली. निवडीसाठी माझ्याकडे होते ते एवढेच.

१९९६ च्या वसंतात एका चांगल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. शिष्यवृत्ती नव्हती. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च वर्षाला तीस हजार डॉलर. डॉलर पस्तीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वर्षाला साडेदहा लाख, दोन वर्षांचे एकवीस लाख. माझा पगार महिना सात हजार होता. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. एकवीस लाख म्हणजे माझा पंचवीस वर्षांचा पगार.

वडील साखर कारखान्यात हिशेबनीस होते. मिरज तालुक्यात आमची दोन एकर हळदीची जमीन होती. एका बँकेत आम्ही दोघे गेलो. अधिकाऱ्यांनी सभ्यपणे सांगितले की तारणाशिवाय काही होणार नाही आणि जमिनीवर मिळेल ते पुरणार नाही. घरही लावावे लागेल. व्याज सोळा टक्क्यांच्या घरात. बसमध्ये मी मनातल्या मनात गुणाकार केला. एकवीस लाखांचे नुसते वर्षाचे व्याज तीन लाख छत्तीस हजार, म्हणजे माझ्या पगाराच्या चौपट! परत येऊन पुण्यात कितीही चांगली नोकरी लागली तरी मुद्दल सोडाच, व्याजही फिटणार नव्हते. ते कर्ज फेडायचे तर तिकडेच राहून डॉलरमध्ये कमवायला हवे.

त्या बसमध्ये मला जे कळले ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. शंतनुराव परत येऊ शकले कारण त्यांची रसद इथली होती. माझी रसद कर्जाची असणार होती, आणि शिक्षण संपल्यावर कुठे राहायचे हे मी ठरवणार नव्हतो, ते कर्जच ठरवणार होते.

मी नाही म्हणून कळवले. घरी सांगितले, "मलाच आता जावंसं वाटत नाही." तुम्हा सर्वांनाही गेली तीस वर्षे मी हेच सांगत आलो. ते खरे नव्हते. टाटांच्या त्या कर्जाऊ शिष्यवृत्तीची नीट माहिती मला अर्जाची मुदत उलटून गेल्यावर मिळाली. माहिती हीसुद्धा रसदच असते आणि तीही वेळेवर पोहोचावी लागते.

माझ्याबरोबर प्रवेश मिळालेला कंपनीतला एक सहकारी गेला. त्याच्या मामांनी जामीन दिला. त्याला तिथे नोकरी लागली आणि चार वर्षांत त्याने कर्ज फेडले. तो आज तिकडेच आहे आणि सुखात आहे. दुसरा एक जण २००० मध्ये गेला. २००२ मध्ये बाहेर पडला तेव्हा इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटलेला होता. त्याला वर्षभर काम मिळाले नाही आणि घरच्यांनी राहता फ्लॅट विकला. दोघेही तितकेच हुशार होते. फरक पडला तो बाहेर पडायच्या वर्षाने. म्हणून मी बरोबर केले की चूक, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

एक चूक मात्र मला नक्की ठाऊक आहे. वडील २०११ मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत सातबाऱ्याचा उतारा सापडला आणि त्याला टाचलेला जमिनीच्या आणि घराच्या मूल्यांकनाचा कागद. त्यावरची तारीख मी नकार कळवला त्यानंतरच्या पंधरवड्यातली होती. मी 'जावंसं वाटत नाही' म्हटल्यावरही ते गुपचूप मूल्यांकन करून आले होते. मी त्यांना खरे कारण सांगितले नाही आणि त्यांनी मला त्यांची तयारी सांगितली नाही. एकाच घरात दोघांनी दोन वेगवेगळे हिशेब मांडले आणि एकमेकांना दाखवले नाहीत.

दारे उघडली, मग हलू लागली

यानंतरचा इतिहास आपल्या मुलांचा आहे. १ जून २००० पासून फेमा कायदा लागू झाला आणि परकीय चलनाचा जुना धाक गेला. २००१ मध्ये भारतीय बँक संघटनेने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना तयार केली. परदेशी शिक्षणासाठी पंधरा लाखांपर्यंत कर्ज, चार लाखांपर्यंत तारणाशिवाय, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक व्यक्तीला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. ती मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. ज्या देशात डॉलर रेशनवर होता तिथे हा बदल एका पिढीत झाला.

निवडीची साधनेही बदलली. १९९९ पासून 'फायनान्शियल टाइम्स'ने जगभरच्या शाळांची एकत्र क्रमवारी सुरू केली आणि युरोपातल्या एक वर्षाच्या शाळा अमेरिकन शाळांच्या शेजारी छापल्या जाऊ लागल्या. २००१ मध्ये हैदराबादला आयएसबी निघाले, तेही एका वर्षाचे. आणि चक्र एवढे फिरले की २०२१ च्या जानेवारीत हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झाले श्रीकांत दातार, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि अहमदाबादच्या आयआयएमचे माजी विद्यार्थी. ज्या शाळेने अहमदाबादला हात दिला, तिच्या प्रमुखपदी अहमदाबादचा विद्यार्थी बसला.

पण अडचण संपली नाही, तिने जागा बदलली. पूर्वी नाका जाताना होता, आता तो शिक्षण संपल्यावर येतो. ब्रिटनने एप्रिल २०१२ मध्ये शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसा बंद केला आणि जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू केला. मधल्या नऊ वर्षांत गेलेल्यांच्या हाती तीच पदवी होती, पण परतीचे तिकीट लवकरचे. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करता येते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान वर्गात मोडत असेल तर २०१६ पासून आणखी दोन वर्षे. म्हणून अनेक शाळांनी आपल्या एमबीएचे वर्गीकरणच बदलून घेतले. पुढचा एच-१बी व्हिसा सोडतीवर. १९ सप्टेंबर २०२५ ला त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली आणि महिन्याभराने तिथेच शिकत असलेल्यांना त्यातून बरीच सूट असल्याचा खुलासा आला. त्या एका महिन्यात किती घरांत झोप उडाली असेल! १९६६ चा जून आणि २०२५ चा सप्टेंबर यांत मला फार फरक दिसत नाही. मोहीम अर्ध्यावर असताना नियम बदलतात.

दोन पत्रे, एक टेबल

मित्राच्या मुलीला मी "हे घे" किंवा "ते घे" असे सांगितले नाही. आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. इतिहासाने शिकवलेले प्रश्न मी एकेक करून विचारले आणि ती लिहीत गेली. तुमच्यापैकी कोणाच्या घरात अशी पत्रे येणार असतील तर उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

पहिला प्रश्न, क्षेत्र बदलायचे आहे की आहे त्यातच वर जायचे आहे? दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात दहा-बारा आठवडे एखाद्या कंपनीत उमेदवारी करता येते. ज्याला इंजिनिअरचा बँकर व्हायचे आहे, त्याला ती उमेदवारी म्हणजे नव्या घराचा उंबरठा. एक वर्षात ती संधी बहुधा नसते किंवा फारच त्रोटक असते. आहे त्याच उद्योगात परतणाऱ्याला मात्र दुसरे वर्ष महाग पडू शकते.

दुसरा, खरा खर्च किती? पूर्णवेळ म्हणजे पगार बंद. तिच्या अमेरिकन पत्राचा एकूण खर्च दोन लाख डॉलर, डॉलर अठ्ठ्याऐंशी रुपये धरला तरी पावणेदोन कोटींवर. त्यात तिचा दोन वर्षांचा बुडणारा पगार चोवीस लाख. युरोपातले पत्र साधारण निम्म्या खर्चाचे आणि बुडणारा पगार बारा लाख. बहुतेक घरांत फीचा आकडा लिहिला जातो, पगाराचा लिहायचा राहतो.

तिसरा, रुपया आणखी दहा टक्के घसरला तर? हा आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा. कर्ज रुपयांत आहे की डॉलरमध्ये, आणि कमाई कशात होणार, हेही त्याच रकान्यात.

चौथा, तिथे नोकरी मिळाली नाही आणि परत यावे लागले, तर इथल्या पगारावर हप्ता झेपेल का? माझ्या बसमधला गुणाकार तो हाच. उत्तर 'नाही' असेल तर जाऊ नये असे नाही. पण मग आपण परतीची वाट गहाण ठेवून जात आहोत, हे माहीत असावे.

पाचवा, तारण काय? इथे मित्र पटकन म्हणाला, "कारखाना आहे की." मुलीने पेन खाली ठेवले.

"बाबा, तिथे बावीस माणसं कामाला आहेत," ती म्हणाली. "आणि मला शिकून कारखान्यातच यायचंय. तोच गहाण टाकला तर मी परत कुठे येणार?"

ती कारखान्यात परतणार आहे हे मित्राला तोपर्यंत माहीतच नव्हते. त्याला वाटत होते तिला कायमचे बाहेर जायचे आहे, आणि त्यासाठीच तो सगळे पणाला लावायला निघाला होता. तिला वाटत होते बाबांना आपण अमेरिकेतच स्थिरावलेले हवे आहोत. मी काही बोललो नाही. आतल्या खोलीत जाऊन वडिलांच्या ट्रंकेतला तो टाचलेला कागद आणला आणि दोघांना दाखवला. आमचा चहा गार झाला.

हा लेख छापायला जाईपर्यंत तिचा निर्णय झाला आहे. तो तिचा आहे, म्हणून मी इथे लिहीत नाही. स्नेहमेळाव्यात तिच्या वडिलांनाच विचारा. ते सांगायला उत्सुक आहेत. एवढेच सांगतो की कारखान्यावर कर्जाचा बोजा चढलेला नाही.

बाई, आपण यंदा मेळाव्याला येणार असल्याचे कळले. पानिपताच्या उत्तरात मी त्या वेळी फक्त शूरांची नावे लिहिली होती आणि आपण पाचपैकी दोन गुण दिले होते. चाळीस वर्षांनी उत्तर पुन्हा लिहून देत आहे. तपासावे, ही विनंती.

— आपला विद्यार्थी, १९८५ ची दहावी, 'ब' तुकडी